उरलेला स्क्रू

मागचं झाकण बसलं, कडेचे हूक कट् कट् करत आपापल्या खाचेत गेले, स्टँडचे चारही स्क्रू आवळून झाले, आणि मग काडेपेटीच्या उघड्या खोक्यात एक स्क्रू उरलेला दिसला. देवगडकडच्या एका आंबा बागायतदाराच्या पडवीतली ही आषाढातली दुपार. बाहेर पागोळ्या लागलेल्या, आत टेबलावर गोधडी अंथरून तिच्यावर ऑल-इन-वन कॉम्प्युटर पालथा निजवलेला. हार्ड डिस्क बदलायला तालुक्याहून आलेल्या मुलाने त्या स्क्रूकडे एकदा बघितलं, क्षणभर थबकला आणि हत्यारं पिशवीत भरायला लागला. दोन तास खुर्चीतून न हलता सगळं बघत बसलेल्या तात्यांनी मात्र तो चिमटीत धरला, चष्मा कपाळावर चढवला, स्क्रू डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "ह्यो खिळो खयचो रे?" मुलगा मान वर न करता म्हणाला, "आसांदे तात्यांनू, तो लागना नाय."

न लागणारा स्क्रू मुळात कुणी घातलाच कशाला असता?

कॉम्प्युटर तर झक्क सुरू झाला. आधी तो सुरू व्हायचा तेवढ्यात चहा उकळून गाळून व्हायचा. आता बटण दाबून हात मागे घेतो न घेतो तोच पडदा हजर. घरातल्या पोरांनी टाळ्या पिटल्या. तात्या टाळ्यांत सामील झाले नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर पंपाचं इंजिन खोललं आणि जोडलं, त्याला उरलेला नट म्हणजे काय ते ठाऊक असतं. पंप जोडल्यावर नट उरला तर तो पुन्हा खोलायचा. उद्या पाणी चढलं नाही की मग शोधत बसायला नको. त्या हिशोबाने तात्यांचा प्रश्न अगदी वाजवी होता आणि मुलाचं उत्तर अपुरं. चुकीचं होतं का, हे मात्र लगेच सांगता येण्यासारखं नव्हतं.

ऑल-इन-वन कोकणातल्या घरांत शिरला तो त्याच्या आटोपशीरपणामुळे. वेगळा कॅबिनेट नाही, वायरींचं जंजाळ नाही, जे काही आहे ते पडद्याच्या पाठीमागे. एका बाजूला वजनकाटा, दुसऱ्या बाजूला पावतीपुस्तकं, मधे हा; वरून क्रोशाचं झाकण घातलं की तसबिरीसारखा शोभतो. पण डेस्कटॉप म्हणायचा तो नावापुरता. पाठ उघडली की आत लॅपटॉपच निघतो: रॅम लॅपटॉपची, पंखा लॅपटॉपचा, आणि बहुतेकांत हार्ड डिस्कही लॅपटॉपचीच, अडीच इंची, सात मिलिमीटर जाडीची. शिवाय हे एकत्र कुटुंब. एकाला कळ आली की सगळी पंगत उठते. गेली डिस्क, पण दुकानात न्यायचा तो पडद्यासकट, एसटीत मांडीवर घेऊन. या कुटुंबात सतत फिरणारे दोघेच, पंखा आणि डिस्क. पंख्याचा आवाज येतो, त्याच्या जाळीवर धूळ दिसते, कधीतरी कुणीतरी फुंकर तरी मारतं. डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेत डबीत बंद असते, आणि तिच्या चकतीवरून जे हेड तरंगत असतं त्या दोघांतलं अंतर असतं काही नॅनोमीटर. माणसाचा केस त्यापुढे ओंडकाच म्हणायचा. जी वस्तू सगळ्यांत आधी जाणार हे पक्कं ठाऊक आहे, ती सगळ्यांत आत, सगळ्यांत अवघड जागी बसवलेली. या एका गोष्टीबद्दल ही यंत्रं आखणाऱ्यांना मी माफ करू शकत नाही.

किनाऱ्यावर उघडलेली पाठ घाटावरच्यासारखी दिसत नाही. इथली धूळ भुरभुरीत नसते. खाऱ्या दमट हवेने ती ओली होऊन चिकटते, सुकते, पुन्हा ओली होते, आणि पंख्याच्या पात्यांवर तिचा राखाडी नमदा तयार होतो; तो ब्रशने निघत नाही, काडीने खरवडावा लागतो. झाकण निघाल्याबरोबर येणारा वास ओळखीचा असतो, दमट पुठ्ठा, तापलेली धूळ आणि कुणीतरी श्रद्धेने मागे ठेवलेली कापराची वडी. यूएसबीच्या एका भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर लिंपलेलं. हवा जायच्या फटीत पालीची दोन पांढरी अंडी. ती मुलाने हळूच उचलून खिडकीत ठेवली, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. स्क्रूंच्या डोक्यांवर गंज, आणि गंजलेल्या डोक्यावर झिजलेला स्क्रूड्रायव्हर फिरवला की खाच कायमची गेलीच. तिथे योग्य मापाचं हत्यार लागतं, वरून जोर द्यायचा जास्त आणि फिरवायचं कमी.

डिस्कची डबी हवाबंद असते असा एक सार्वत्रिक समज आहे. नसते. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क सोडल्या तर साध्या हार्ड डिस्कला श्वास घ्यायला एक बारीक भोक असतं, त्याच्यामागे गाळणी असते, आणि 'हे भोक झाकू नका' असं शेजारी छापलेलं असतं. आतला आणि बाहेरचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं. धूळ गाळणीत अडते, ओल पूर्णपणे अडत नाही. डिस्क बनवणारे दमट हवेची मुभा बरीच देतात, अट एकच असते: आत दव धरता कामा नये. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात ही अट पाळायची ती सोप्या रीतीने. पावसाळ्यात यंत्र रोज तासभर तरी चालू ठेवायचं, त्याच्या उबेने ओल निघून जाते. कपाटात पुस्तकांना बुरशी येऊ नये म्हणून पिवळा बल्ब लावून ठेवायचे, त्यातलाच हा प्रकार. दुसरी खोड हिरव्या बोर्डाची. डिस्कच्या पाठीवरचा हा बोर्ड चारपाच स्क्रूंनी बसवलेला असतो आणि आतल्या मोटरशी, हेडशी त्याचं बोलणं चालतं ते नुसत्या टेकलेल्या पत्र्यांतून. खारी हवा त्या टेकण्याच्या जागा काळ्या करते. बोर्ड सोडवून त्या जागा साध्या खोडरबराने घासल्या, अल्कोहोलच्या बोळ्याने पुसल्या आणि बोर्ड परत बसवला, की मेलेली म्हणून बाजूला टाकलेली एखादी डिस्क उठून बसते. प्रत्येक वेळी नाही, पण करून बघण्याजोगं आहे. मात्र बोर्ड जळलेला असेल तर तसाच दिसणारा दुसरा आणून बसवल्याने भागत नाही. त्या त्या डिस्कची जुळणी बोर्डावरच्या एका चिपमध्ये लिहिलेली असते, ती चिप जुन्यावरून नव्यावर हलवावी लागते. आणि आतली डबी घरात उघडायची नाही. कधीच नाही. उघडली त्या मिनिटाला आतलं संपलं.

उरलेलं काम लाईट करते. जाते, येते, पुन्हा जाते, आणि येते तेव्हा कधी कमी दाबाने तर कधी दणक्यात. डिस्क लिहीत असताना वीज गेली की हेड आपोआप बाजूच्या उतारावर जाऊन बसतं, पण जे अर्धं लिहिलं गेलं ते अर्धंच राहतं. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा सिंधुदुर्गात कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी यंत्र निदान शांत पडून तरी असतं. घात करते ती रोजची ये-जा. ऑल-इन-वनला सहाशे व्हीएचा साधा यूपीएस पुरतो, फाईल सेव्ह करून यंत्र रीतसर बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटं तो देतो. अर्थिंगची कथा वेगळीच. जांभ्याच्या कातळात खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून केलेलं अर्थिंग पावसाळ्यात चोख असतं आणि एप्रिलमध्ये कोरडं ठक्क. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला दोन घागरी पाणी ओतणं ही कॉम्प्युटरची देखभालच आहे, असं सांगितलं की लोक हसतात. वळवाच्या गडगडाटात प्लग काढणारेही इंटरनेटची तांब्याची वायर तशीच ठेवतात, आणि वीज तिच्यातून येते.

या यंत्राने मरायला चार महिने घेतले होते. शिमग्यापासूनच ते रेंगाळत होतं. टास्क मॅनेजर उघडला की डिस्कसमोर शंभर टक्के, आणि काम मात्र काहीच चाललेलं नाही. मग 'टक्… टक्…' असा आवाज, हेड पुन्हा पुन्हा घरी जाऊन परत येतं त्याचा. घरच्यांना वाटलं पाल चुकचुकते. डिस्क स्वतःची वही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा फुकटचा प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. त्यात पाहायच्या ओळी मोजक्या. ०५ म्हणजे खराब निघाले म्हणून राखीव जागेत हलवलेले सेक्टर, चकतीवरचे माहितीचे बारीक कप्पे. सी५ म्हणजे वाचता येत नाहीत पण अजून निकाल लागलेला नाही असे. सी६ म्हणजे हात टेकलेले. ०५चा आकडा थोडा असून महिनोन्‌महिने तिथेच थांबला असेल तर डिस्क काही दिवस काढेलही. सी५ आठवड्याला वाढत असेल तर त्याच दिवशी माहिती हलवायला घ्यायची. आणि नुसती सी७ वाढत असेल, बाकी सगळं स्वच्छ असेल, तर डिस्कला दोष देऊ नका. ती वायरची तक्रार आहे, म्हणजे केबल सैल, नाहीतर तिचे पत्रे काळे पडलेले. किनाऱ्यावर ही शक्यता आधी तपासावी. चांगली डिस्क फेकून तीच खराब केबल नव्या डिस्कला लावली तर महिन्याभरात तेच रडगाणं.

डिस्क अशी आचके देऊ लागली की घरोघरी उपचार सुरू होतात, आणि डिस्क मरते ती बहुतेकदा त्यांनीच. कुणी ती तांदळाच्या डब्यात पुरतो. कुणी प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवतो. बाहेर काढल्यावर कोकणच्या हवेत तिच्यावर आत-बाहेर दव धरतं, म्हणजे जी एक अट होती तीच मोडली. विंडोज नम्रपणे विचारतं, ड्राइव्हमध्ये गडबड दिसते, दुरुस्त करू का? हो म्हणायचं नाही. सेक्टर तपासून दुरुस्त करणारी कमांड चालवायची नाही, डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाईली एकत्र लावणं, तर मुळीच नाही. ही सगळी औषधं धडधाकट डिस्कची. आजारी डिस्कला त्यांचा अर्थ होतो, चकतीचा कोपरान्‌कोपरा धावून ये. आधी माहिती काढायची, मग दुरुस्तीचं बोलायचं. त्यासाठी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यू चालवणं ही मला माहीत असलेली सगळ्यांत समंजस पद्धत. हा प्रोग्रॅम हट्टी नाही. आधी जे सहज वाचता येतं ते सगळं भराभर उचलतो, अडलं की तिथे खूण करून पुढे जातो, आणि शेवटी उरलेल्या अवघड जागांकडे परत येतो. कुठपर्यंत आलो हे एका मॅपफाईलमध्ये लिहीत जातो, त्यामुळे मधेच लाईट गेली तरी काम पहिल्यापासून करावं लागत नाही. जणू आमच्या वीजमंडळाला डोळ्यांपुढे ठेवूनच बनवला असावा. एकच सावधगिरी, आणि ती जिवावरची: कुठून आणि कुठे हा क्रम उलटा दिला तर कोरी डिस्क जुनीवर लिहिली जाते. एंटर दाबण्याआधी दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर मोठ्याने वाचावेत, शेजारी कुणी नसलं तरी.

तात्यांच्या डिस्कमधून बहुतेक सगळं निघालं होतं. थोडं राहिलं.

आता पाठ उघडण्याबद्दल. प्लग काढायचा आणि मग बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं, आत साठलेली वीज निघून जाते. ज्या यंत्राचा चार्जर बाहेर असतो, काळी वीट आणि एकोणीस-साडेएकोणीस व्होल्ट, त्यात भय कमी. ज्याच्या पोटातच पॉवर सप्लाय असतो, थेट दोनशेतीस व्होल्टची वायर आत जाते, त्या सप्लायच्या बोर्डाला प्लग काढल्यावरही बोट लावायचं नाही. त्याचे कपॅसिटर भार धरून बसलेले असतात. पडदा खाली करून निजवायचं ते घडी घातलेल्या गोधडीवर, आणि तिच्यात टाचणी राहिलेली नाही हे आधी हात फिरवून बघायचं. स्टँड पहिला काढायचा. मग रॅमची खिडकी असेल तर ती, कारण झाकणाचा एखादा छुपा स्क्रू हमखास तिच्याखाली असतो. यानंतर लागतो तो धीर. खालच्या कडेच्या फटीत जुनं एटीएम कार्ड सरकवून ते आडवं नेत जायचं. दर दोन-अडीच इंचांवर एक हूक 'कट्' म्हणून सुटतो. तो आवाज आणि प्लास्टिक मोडल्याचा आवाज यांत फार फरक नाही, पहिल्या खेपेला प्रत्येक हुकाला काळजात धस्स होतं. पाचसहा वर्षं उन्हातल्या खिडकीशी काढलेलं यंत्र असेल तर दोनेक हूक मोडतातच. झाकण त्याने पडत नाही. झाकण सुटलं म्हणून झटक्यात उचलायचं नाही. काही मॉडेलांत बटणाची किंवा स्पीकरची चपटी पट्टी झाकणालाच चिकटलेली असते. पट्ट्यांच्या टोकाशी एक इवलीशी फळी असते, ती नखाने उभी करायची, मग पट्टी आपोआप सैल होते. ती न उचलता ओढली की पट्टी फाटते आणि दहा मिनिटांच्या कामाचे दहा दिवस होतात. काचेला गोंदाची पट्टी लावून बंद केलेली यंत्रं ही वेगळी जात. २०१२ नंतरच्या सडपातळ आयमॅकची काच कडेने कापत जावी लागते आणि परत बसवताना पट्टी नवी लागते. त्याआधीच्या, २००९ ते २०११च्या, काचा चुंबकावर होत्या, सक्शन कपाने अलगद निघायच्या. पण त्यांचं डिस्कच्या उष्णतेवर लक्ष होतं. दुसरी डिस्क घातली आणि ती खबर मिळेनाशी झाली की पंखा घाबरून पूर्ण वेगाने घोंघावत राहायचा.

मुलाने स्क्रू ठेवले ते एका काडेपेटीच्या खोक्यात, सगळे एकत्र. मला विचाराल तर कागदावर यंत्राचा ढोबळ आकार काढून, जो स्क्रू जिथून निघाला तिथे तो चिकटपट्टीखाली दाबून ठेवावा. दिसायला सारखे असले तरी स्क्रू सारखे नसतात. अडीच इंची डिस्कला आखूड एम३, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीचे, लागतात. लांब स्क्रू आत शिरून डिस्कच्या बोर्डाला टेकू शकतो. साडेतीन इंचीचे आटे तर इंची मापाचे, एम३ त्यात खुळखुळतो.

नवी म्हणून बसवली ती अर्थात एसएसडी, म्हणजे चकती नसलेली, चिपांवर माहिती ठेवणारी डिस्क. हार्ड डिस्कच्या जागी पुन्हा हार्ड डिस्क आता कुणी बसवू नये, फोटोंचं पोतं साठवायचं असल्याखेरीज. फरक मोठ्या फाईलच्या वेगात आहे, पण खरा जाणवतो तो बारीकसारीक फाईलींत: फिरती डिस्क प्रत्येक तुकड्यासाठी हेड इकडून तिकडे नेते, आणि विंडोज सुरू होताना असे तुकडे हजारोंनी मागतं. बोर्डावर एम.२ची, म्हणजे पट्टीसारख्या एसएसडीची, खाच दिसली की खरेदीला धावू नये. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब अशी ती पट्टी बसली म्हणजे चाललीच असं नाही. काही खाचा फक्त जुन्या, हळू साटा जातीची पट्टी घेतात, काही जुने बोर्ड नव्या, वेगवान एनव्हीएमई जातीची पट्टी ओळखतात पण तिच्यावरून सुरू होत नाहीत. त्या खाचेत आधीच सोळा जीबीची ऑप्टेन पट्टी असेल तर ती हार्ड डिस्कला वेग देणारी तिची जोडीदार असते. सॉफ्टवेअरमधून ती जोडी न फोडता डिस्क काढली तर बाहेर गेलेली डिस्क वाचताना घोळ होतो. नवी डिस्क बसवूनही बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, दिसत असेल आणि विंडोजच्या इन्स्टॉलेशनमध्ये दिसत नसेल, तर डिस्क परत करायला जाण्याआधी तिथला साटाचा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या रीतीने बोलतो ते, बघावा. आरएसटी असेल तर एएचसीआय करून बघायचं, बहुधा तिथेच गाठ असते. पाठ उघडीच आहे तर बोर्डावरचा सीआर२०३२चा बटण-सेलही बदलून टाकायचा. तो उतरला की घड्याळ मागे जातं आणि मग बँकेची साईट उघडत नाही म्हणून लोक इंटरनेटवाल्याला शिव्या घालतात.

विंडोजच्या परवान्याची चिंता नको, तो बोर्डाशी बांधलेला असतो, डिस्कशी नाही. चिंता करायची ती दुसरी. आताच्या बऱ्याच यंत्रांत विंडोज न विचारता डिस्कला कुलूप घालतं, आणि ४८ आकडी किल्ली ठेवतं मायक्रोसॉफ्टच्या खात्यात. ते खातं खरेदीच्या दिवशी दुकानातल्या पोऱ्याने स्वतःच्याच ईमेलवर उघडून दिलेलं असतं. डिस्क धडधाकट आहे तोवर ही किल्ली कागदावर उतरवून सातबाराच्या फायलीत ठेवावी.

मुलाने नवी डिस्क चालू करून दाखवली तेव्हा डेस्कटॉप आला, डॉक्युमेंट्स आलं, नातवाच्या बारशाचे फोटो आले. तात्यांनी हिशोबाचं टॅली उघडायला सांगितलं. कंपनीचं नाव आलं नाही. टॅलीचा डेटा वापरणाऱ्याच्या फोल्डरमध्ये नसतो, सी ड्राइव्हवर आपल्या वेगळ्या घरात असतो, आणि घाईने निवडक उचलणाऱ्यांच्या हातून तोच सुटतो. तो मग जुन्या डिस्कच्या प्रतीतून शोधून आणला. पुढे आंब्याच्या व्यापाऱ्यांना लिहिलेली पत्रं उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. पत्रं होती तशीच होती. श्रीलिपीत टाईप केलेली, आणि तो फॉन्ट जुन्या डिस्कबरोबर गेलेला. सगळीकडे सारखं दिसणाऱ्या युनिकोडच्या आधीचं मराठी असं फॉन्टच्या जिवावर जगतं. फॉन्ट परत आला की अक्षरं परत येतात, पण हे माहीत नसलेला माणूस ती फाईल खराब समजून पुसून टाकतो. अशी किती गावांची किती कागदपत्रं पुसली गेली असतील! उरलेला स्क्रू निदान खोक्यात दिसतो. राहिलेली फाईल दिसत नाही, ती हवी असते त्या दिवशी कळते. मुलाने स्क्रू मोजले नव्हते, आणि फोल्डरही.

इथली आणखी एक रीत डिस्कवाल्यांच्या हिशोबात नसते. अर्धी घरं बंद. माणसं मुंबईला, कॉम्प्युटर गावाला, चालू होतो तो गणपतीत आणि शिमग्यात. अशा घरात एसएसडी हा बिनघोर उपाय नव्हे. ती विजेचा भार धरून माहिती सांभाळते, आणि वीज न मिळता पडून राहिली की तो भार हळूहळू झिरपतो, उष्म्यात जास्त. आयुष्य वापरून संपलेल्या घरगुती एसएसडीने विजेशिवाय ३० अंशांत एक वर्ष माहिती धरावी, इतकंच जेडेक या चिप उद्योगाच्या संस्थेचं मानक मागतं. नवी डिस्क त्याहून पुष्कळ अधिक धरते, तरी तिच्यावर वंशावळ ठेवून कुलूप लावून जाऊ नये. शिवाय ती हार्ड डिस्कसारखी महिनोन्‌महिने कण्हत नाही. आज आहे, उद्या बायोसला दिसतच नाही. म्हणून प्रत दुसरीकडे हवी, आणि तीही याच पडवीतल्या फळीवर नको.

राहता राहिला तो स्क्रू. त्याचं उत्तर झाकणाआड गेलं होतं, पण जुनी डिस्क अजून टेबलावर पडलेली होती. तिच्या कुशीला दोन्हीकडे दोन-दोन भोकं. तीन स्वच्छ. चौथ्याभोवती काळं, काकवीसारखं काहीतरी. बोट लावलं तर तार निघाली. गोधडीच्या पांढऱ्या ठिगळावरही तोच डाग. फिरत्या डिस्कची थरथर पडद्यापर्यंत जाऊ नये, आणि त्याच पातळ सांगाड्यात बसवलेल्या स्पीकरची धडधड डिस्कपर्यंत येऊ नये, म्हणून तिच्या ट्रेच्या भोकांत रबराच्या कड्या असतात आणि स्क्रू त्या कड्यांतून जातो. म्हणूनच त्या स्क्रूच्या डोक्याखाली आटे नसलेला गुळगुळीत गळा होता. दमट हवेत त्यातली एक कडी विरघळून डांबर झाली होती. मुलाने ती खरवडून काढली. कडी गेल्यावर ट्रेचं भोक स्क्रूच्या डोक्यापेक्षा मोठं, स्क्रू धरणार कशाला? एसएसडीत फिरणारं काहीच नाही, वजनाला ती जुनीच्या निम्मीसुद्धा नाही, तीन स्क्रूंवर खुशाल बसते. म्हणजे मुलगा खरंच बोलला होता, स्क्रू लागत नव्हता. एवढं दोन वाक्यांत सांगितलं असतं तर तात्यांनी मान डोलावली असती. रबर कसं कुजतं हे पंप खोलणाऱ्याला कुणी शिकवायला नको.

मुलगा गेला. जुनी डिस्क तात्यांनी भंगारात दिली नाही, हे बरंच केलं. ती बंद पडली तरी आतली माहिती वाचणारा वाचू शकतो. ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात गेली. स्क्रू मात्र हातातच होता. फळीवर पेट्या ठोकायच्या खिळ्यांचा पत्र्याचा डबा होता. आंबा आता पुठ्ठ्याच्या पेट्यांतून जातो, खिळे कुणी ठोकत नाही, पण डबा आहे. तात्यांनी झाकण उघडलं, स्क्रू आत टाकला.

"लागतलो कधीतरी," म्हणाले, आणि डबा होता तिथे सरकवला.